त्याच दिवशीच्या सहीबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. पहिलं सत्र संपलं, जर्नलचं, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीचं, सर्टिफिकेट हातात आलं आणि सगळ्यांत आधी तुम्हालाच लिहावंसं वाटलं.

बारावीत आम्हाला सांगितलं होतं, ‘एवढं वर्ष काढा, पुढे कॉलेजात आरामच आहे.’ सांगणाऱ्यांनी प्रॅक्टिकलच्या नावाखाली फळ्यावरची रीडिंग उतरवून घेतली. हातात पिपेट (द्रावण मोजून घ्यायची काचेची नळी) न धरलेली मुलं थेट एफवायबीएस्सीच्या लॅबमध्ये उभी राहतात, हा अन्यायच आहे.

नव्या शैक्षणिक धोरणात सत्राला साधारण 22 क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या भाराची एककं, असतात, ते सगळ्यांना पाठ असतं. वेळ नेमका कुठे जातो, ते मात्र कुणी सांगत नाही. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास आणि प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला 30. म्हणजे दोन क्रेडिटचा पेपर आठवड्याला दोन तास घेतो आणि दोनच क्रेडिटचं प्रॅक्टिकल चार. घरी जर्नल लिहायचा वेळ तर कुठल्याच वेळापत्रकात नसतो. दोन-तीन विषयांची जर्नलं साठली की मुलं सत्राच्या शेवटी लेक्चर बुडवून ती भरत बसतात. त्याच दिवसांत कॉलेजच्या इंटर्नल परीक्षा येतात आणि अभ्यास जर्नलखाली गाडला जातो.

तुम्ही प्रॅक्टिकलची शेवटची वीस मिनिटं राखून ठेवलीत. बाटल्या टेबलावर असतानाच गणित करायला लावायचं, एकेकाच्या जागेवर येऊन तपासायचं आणि तिथेच तारीख घालून सही करायची. मॅडम, आमचं सत्र त्या सहीने वाचलं. उद्देश, साहित्य आणि कृती आदल्या रात्री लिहून आणल्याशिवाय त्या वीस मिनिटांत काम संपत नाही, म्हणून तीही सवय आपोआप लागली.

चूक तेव्हाच सापडते, हा त्यातला मोठा फायदा. टायट्रेशनची, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून त्याचं प्रमाण काढण्याची, लागोपाठची दोन रीडिंग 0.1 मिलीच्या आत जुळली नाहीत, तर ब्युरेटच्या (द्रावण सोडायच्या खुणांच्या नळीच्या) तोटीत हवेचा बुडबुडा राहिला का, फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचा फिकट गुलाबी टप्पा ओलांडून रंग गडद झाला का, हे लगेच बघता येतं. पिपेट पाण्याने धुऊन त्याच द्रावणाने खंगाळली नसेल, तर रीडिंग कमी येतं. पुन्हा घेता येतं. पंधरा दिवसांनी मित्राच्या वहीतून उतरवण्यावाचून काय उरतं?

आणि ओपन इलेक्टिव्हकडे, म्हणजे मेजर या मुख्य विषयाबाहेरच्या निवडलेल्या विषयाकडे, दुर्लक्ष करू नका, हेही तुम्हीच बजावलंत. सत्राच्या सरासरीत त्याची दोन क्रेडिट मेजरच्या दोन क्रेडिटइतकीच भरतात. त्याच्या अभ्यासाला आठवड्यातला एक ठरलेला तास पुरतो. परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र काहीच पुरत नाही.

‘जर्नलं शेवटी एकदम आणा’ म्हणणं किती सोपं होतं! बाकी ठिकाणी तेच ऐकलं आणि मग सहीसाठी दारात रांगा लावल्या. मोठं भाषण न करता, स्वतःचं काम त्याच दिवशी पूर्ण करून समोरच्याचा भार हलका करणारी माणसं असतात, म्हणून आमच्यासारख्यांचं शिक्षण चालतं.

जूनमध्ये नवी बॅच येईल. त्यांच्याही टेबलापाशी असंच थांबा, एवढीच विनंती.

तुमचे कृतज्ञ विद्यार्थी,
एफवायबीएस्सी, केमिस्ट्रीची मंगळवारची बॅच