चौकी गावातच राहू द्यावी

महोदय,

नागपूर जिल्ह्यातील आमच्या लहानशा गावातील पोलीस चौकी बंद करून तेथील शिपाई तालुक्याच्या ठाण्यात न्यावेत की नाही, यावर गावात सध्या चर्चा सुरू आहे. पोलीस हा राज्यसूचीतील विषय असल्याने निर्णय शासनाचा आहे, हे मान्य. तरीही गावकऱ्यांचे म्हणणे ऐकले जावे. ११२ क्रमांकावर मदत मागता येते, त्यामुळे चौकीची गरज उरली नाही, हा युक्तिवाद मला पटत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार फिर्याद इलेक्ट्रॉनिक माध्यमातून देता येते, परंतु तीन दिवसांच्या आत तिच्यावर फिर्याद देणाऱ्याची सही व्हावी लागते. ज्या वृद्धेला एसटीशिवाय दुसरे साधन नाही, तिने त्यासाठी किती वेळा तालुक्याला जावे? संत्र्याच्या बहरात बागांची राखण करणाऱ्यांना आणि आठवडी बाजारातून अंधारात परतणाऱ्या बायकांना ओळखीच्या शिपायाचा मोठा आधार वाटतो. खर्च वाचवायचाच असेल, तर कागदपत्रांचे काम ठाण्यात न्यावे. रात्रीची गस्त मात्र येथूनच व्हावी.

– एक वाचक, जि. नागपूर