गुडघ्याच्या एमआरआयची तारीख द्या : पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या उन्हाळ्यात जिल्हा रुग्णालयात आपण एमआरआय कक्षाची फीत कापलीत. "आता तपासणीसाठी कुणाला शहर गाठावं लागणार नाही," असं माइकवर म्हणालात. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. परवा त्याच कक्षाच्या दाराला कुलूप पाहून लंगडत परत आलो. आत यंत्रच नाही. दारावर पाटी आहे, तिच्यावर आपलं नाव आहे.

मी कबड्डी खेळतो, पोलीस भरतीची तयारी करतो. चढाईत पाय मातीत रुतला, अंग वळलं आणि गुडघ्यातून कट्‌कन आवाज आला. तासाभरात गुडघा टम्म सुजला. एक्स-रे निघाला, "हाड शाबूत आहे, नी-कॅप लाव." एक्स-रेत हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट दिसत नाही, हाडांमधली गादी दिसत नाही, हे डॉक्टरांना माहीत नाही का? चांगलं माहीत आहे! चिठ्ठीवर एमआरआय त्यांनीच लिहिला आणि हळूच म्हणाले, बाहेरून कर.

बाहेर सहा-सात हजार. कुठून आणायचे? सूज उतरली तसा पळायला लागलो. वळताना गुडघा निसटला, पुन्हा पडलो. शेवटी वडिलांनी आडत्याकडून उचल घेतली. रिपोर्ट आला : एसीएल, म्हणजे गुडघा जागेवर धरणारं आतलं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं; आतल्या बाजूची गादी फाटलेली. गादी बहुधा दुसऱ्यांदा पडल्यावर गेली, असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे वेळेत एमआरआय झाला असता तर ती वाचली असती! आता भरतीचे 1600 मीटर मी कसे पळू? वय थांबणार आहे का माझ्यासाठी? एसीएल तुटलेल्या जवळपास निम्म्या लोकांचा गुडघा दहा-वीस वर्षांत झिजतो म्हणे. चाळिशीत मी काठी धरायची का?

सगळ्यांचा एमआरआय करा असं मी म्हणत नाही. माझ्या आजीच्या झिजलेल्या गुडघ्याला उभं राहून काढलेला एक्स-रे पुरतो. पन्नाशीनंतर तर न दुखणाऱ्या गुडघ्यातही फाटलेली गादी दिसते. पण मार लागून सुजलेला, निसटणारा किंवा अडकून बसणारा तरुण गुडघा थांबू शकत नाही.

आणि मोफत उपचारांचं काय? 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यातून वगळली, कारण खातं वेगळं! पेशंटला खातं कळत नाही हो, त्याला दुखणं कळतं. इमारतीला पैसा आहे, मंडपाला आहे, यंत्राला नाही. यंत्र आलंच, तर ते चालवणारा तंत्रज्ञ आणि रिपोर्ट लिहिणारा रेडिओलॉजिस्ट कुठे आहे? मतं मागताना बरं सगळं एका खात्यात असतं.

यंत्र कोणत्या तारखेला सुरू होणार, तंत्रज्ञ कधी नेमणार आणि खेळताना जखमी झालेल्यांना किती दिवसांत नंबर मिळणार, हे मला लेखी कळवा. तोंडी आश्वासन नको.

आपला,
जिल्ह्यातील एक कबड्डीपटू