गुडघ्याचं पॅड गुडघ्यावरच राहिलं: नागपूरच्या इतवारी बाजारातल्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काकांना,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात न देता सगळ्यांसमोर लिहितेय, त्याचं कारण आधी सांगते. तुम्ही माझ्या रायडिंग पँटचं आणि जॅकेटचं जे काम करून दिलंत, त्याची गरज नागपुरात अनेकांना आहे. पण असं काम करून घेता येतं, हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. तुमचं नाव आणि दुकानाचा पत्ता मी मुद्दाम देत नाही. गर्दी वाढली की हातातलं काम बिघडतं, हे तुमचंच म्हणणं आहे. काम कसं केलंत ते मात्र सविस्तर लिहिते. ते वाचून दुसऱ्या गावातल्या एखाद्या रायडरला आपल्या टेलरशी नीट बोलता आलं, तरी खूप झालं.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मोटरसायकलवरून लांबच्या सफरीवर जाताना आम्ही घालतो त्या जॅकेट-पँटचं काम दोन प्रकारचं असतं. बाहेरचं जाड कापड रस्त्यावर घासलं जाताना टिकायला हवं. आणि आत खांदा, कोपर, गुडघा, कंबरेची बाजू इथे जी पॅडं असतात, त्यांनी आदळण्याचा जोर खायला हवा. युरोपात कपड्यासाठी ईएन १७०९२ नावाचं मानक २०२० साली आलं. त्यात एएए, एए, ए असे उतरते दर्जे आहेत. पॅडांचं मानक वेगळं, ईएन १६२१. गुडघा-कोपराच्या पॅडावर साधारण पाच किलोचं वजन एक मीटरवरून पडावं इतका मार देऊन बघतात. पलीकडे सरासरी ३५ किलोन्यूटनपेक्षा जास्त जोर पोचला नाही तर लेव्हल १, आणि २० च्या आत राहिला तर लेव्हल २. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम हेल्मेटचं बोलतं. गुडघ्याचं काय करायचं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

पण लेव्हल २ चं पॅड नडगीवर बसलं असेल तर त्या लेव्हलचा उपयोग काय? माझं नेमकं तेच होत होतं. बायकांच्या मापाची टूरिंग पँट दुकानात सहसा मिळत नाही. पुरुषांच्या मापातली कंबरेला बसेल अशी घ्यावी, तर मांडी लांब निघते आणि पॅड गुडघ्याच्या खाली उतरतं. वर पायात घोळ इतका, की ते फिरून बाहेरच्या बाजूला जातं. एका दुकानात मला सांगितलं, "मॅडम, लेडीजला असंच येतं." दोन टेलरांकडे गेले, तर दोघंही खालून चार बोटं कापायला तयार. खालून कापलं की पॅड आहे तिथेच राहतं, आणि गाडीवर बसल्यावर पँट वर सरकून बूट उघडा पडतो तो वेगळाच.

तुमच्याकडे मी आले ती खरं तर बॅगेची चेन बदलायला. कूलरची कव्हरं, सीट कव्हरं, ताडपत्री अशी जाड कामं करणारं दुकान, त्यामुळे पँटचं विचारून बघितलं. तुम्ही आधी पॅड काढायला सांगितलंत. अंगठ्यानं दाबून बघितलंत. मग ऐरणीवर ठेवून आयलेट ठोकायच्या हातोडीनं त्यावर एक दणका दिलात, आणि उलटसुलट करून पाहिलंत. पॅड जसंच्या तसं. "मऊ आहे, पण मार खाते," इतकंच म्हणालात. दाबलं की मऊ लागणारं आणि जोरात आदळलं की त्या क्षणापुरतं कडक होणारं हे मटेरियल काय चीज आहे, ते सांगायला कंपन्यांना पानभर मजकूर लागतो. तुम्ही एका दणक्यात ओळखलंत.

त्यानंतर जे झालं ते मी आजवर कोणत्याच शोरूममध्ये बघितलेलं नाही. मी पँट घालून टेपसमोर ताठ उभी राहिले, तर तुम्ही म्हणालात, "उभी राहून चालवते का गाडी? नाही नं? मग बसून माप दे." मी म्हटलं, काका, खराब रस्ता लागला की फूटरेस्टवर उभी राहूनच चालवते, गुडघे थोडे वाकवून. त्यावर तुम्ही क्षणभर विचार केलात. "मंग दोन्ही मापं लागतीन." आणि टेप गळ्यात टाकून सरळ रस्त्यावर आलात. हाताखालच्या पोरानं माझी हिमालयन मोटरसायकल धरून ठेवली. मी बसले, तुम्ही साबणाच्या चकतीनं गुडघ्याच्या वाटीभोवती खूण केली. मग मी फूटरेस्टवर उभी राहिले, दुसरी खूण. दोन खुणांमध्ये चांगलं दीड बोट अंतर निघालं. भर इतवारीत, मागून हातगाड्या आणि ई-रिक्षा हॉर्न देत असताना, तुम्ही रस्त्यावर उकिडवे बसून ते अंतर पुन्हा एकदा मोजून घेतलंत.

पॅडाचा जुना कप्पा तुम्ही आतल्या अस्तरावरून उसवलात आणि नवा दोन्ही खुणांच्या मध्ये बसवलात. त्यात लांब वेल्क्रो दिलंत, म्हणजे पॅड थोडं वर-खाली करता येईल. गुडघ्याच्या वर आतून एक रुंद इलॅस्टिकची पट्टी दिलीत, की पॅड फिरायला नको. साधा सुती दोरा वापरायला नकार दिलात. घामानं कुजतो म्हणालात, आणि बॅगांसाठी ठेवलेला जाड नायलॉनचा दोरा काढलात.

आणि जे केलं नाहीत, त्यासाठी तर मी जास्तच आभारी आहे. जॅकेटच्या बाह्या थोड्या दाबून द्या, असा माझा आग्रह होता. तुम्ही शिवण उलटून बघितलीत, आत तीन ओळींची शिलाई होती, आणि हात मागे घेतलात. "ही कंपनीची शिलाई मी उसवणार नाही. तिच्यासारखी परत बसली नाही तर पडल्यावर तिथूनच फाटन." अगदी बरोबर होतं ते. रस्त्यावर घासताना कापड टिकतं आणि शिवण उकलते, हे वरचेवर घडतं, म्हणून तर चाचणीत शिवणीची ताकदही वेगळी तपासतात. बाहेरच्या कापडाला सुई न लावता, कोपराजवळच्या बंदांचं बटण फक्त एक घर पुढे घेऊन दिलंत. काम झालं आणि कापडाला एक भोकही पडलं नाही. येणाऱ्या गिऱ्हाइकाचे चार पैसे सोडून "हे मी करणार नाही" म्हणणारा माणूस मला कुठल्याही दर्जाच्या लेबलपेक्षा मोठा वाटतो.

या सगळ्याचा हिशेब तामियाच्या घाटात झाला. छिंदवाडा, परासिया, तामिया करत आम्ही पचमढीला चाललो होतो. एका वळणावर बारीक खडी पसरलेली होती, पुढचं चाक सुटलं आणि मी डाव्या अंगावर गेले. वेग फार नव्हता, पण खाली डांबर होतं आणि अंगावर गाडी. उठून बघते तर गुडघ्यावरचं कापड घासून पांढरं पडलेलं. नेमकं तुम्ही खूण केली होती तिथे. आत पॅड जागेवर, पॅडाखाली गुडघा शाबूत. कंबरेच्या बाजूला हातभर काळंनिळं झालं, ते उतरायला वेळ लागला. पण मी माझ्या पायांनी चालत जाऊन गाडी उचलायला हात लावला आणि संध्याकाळी पचमढीला पोचले. पॅड पूर्वीसारखं नडगीवर असतं तर गुडघ्याची वाटी थेट डांबरावर आदळली असती. घरी आल्यावर मी ती पँट बराच वेळ उजेडात धरून बघत होते. तुमच्या शिलाईचा एक टाका सुटलेला नव्हता.

नागपुरात लोक हमखास विचारतात, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत हे जॅकेट कसं घालता? मला तर वाटतं, तेव्हाच जास्त घालावं. आपली कातडी साधारण पस्तीस डिग्रीची. हवा त्याहून गरम असली की उघड्या अंगावर वारा गारवा देत नाही, उलट ताप आणतो आणि घाम लागायच्या आत वाळवून टाकतो. म्हणून दुपारी बुटीबोरीच्या पुढे निघालं की आम्ही आतला बनियन ओला करतो, जॅकेटची बरीचशी हवेची भोकं बंद ठेवतो आणि सारखं पाणी पितो. जाळीदार कापडाचं मेश जॅकेट मार्चपर्यंत आणि पावसाळ्यानंतर छानच. मे अखेरच्या कडक उन्हात, नवतपात, मात्र मला तरी ते मानवत नाही. तुम्ही कॉलरच्या आत वेल्क्रोनं लावायची जी सुती पट्टी शिवून दिलीत, ती याच दिवसांत कामी येते. मान सोलवटत नाही, आणि पट्टी रोज काढून धुता येते. ती तर मी सांगितलीही नव्हती. माझ्या मानेवरचा लाल चट्टा बघून तुम्हीच सुचवलीत.

धुण्याबद्दल तुम्ही दिलेली ताकीद मी इथे मुद्दाम लिहिते, कारण आपल्या गच्चीवरच्या उन्हात बरीच महागडी जॅकेटं जळतात. पॅडं काढून ठेवायची, साध्या सौम्य साबणानं हातानं धुवायचं, कपडे मऊ करणारं ते सुगंधी पाणी घालायचं नाही आणि वाळवायचं सावलीत. नायलॉनला ऊन खातं, दोऱ्याला तर आधी खातं. ताडपत्र्यांची उन्हानं काय गत होते ते तुम्ही जन्मभर बघत आलात, त्यामुळे हे तुम्हाला कुठल्या माहितीपत्रकात वाचावं लागलं नाही. चेन अडकायला लागली की तेल नाही, मेणबत्ती फिरवायची, हेही तुमच्याकडूनच शिकले. धुळीच्या रस्त्यावर तेलावर माती बसते आणि चेन लवकर जाते.

काका, माझ्या आईला माझं गाडी चालवणं अजूनही पटत नाही. पडल्याचं कळल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं ती पँट हातात घेतली, आतला कप्पा, पट्टी, शिलाई बोटानं चाचपून बघितली आणि विचारलं, "हे कोणी शिवलं?" मी सांगितलं. तेव्हापासून मी निघताना ती "हळू चालव" च्या जोडीला "पँट घातली का" असंही विचारते. तिचेही आभार पोचवते. संक्रांतीला तिळाचे लाडू घेऊन तिला तुमच्या दुकानात यायचं आहे.

पुढच्या पंधरवड्यात आलापल्लीमार्गे भामरागडकडे जायचं ठरतंय. माझ्या मैत्रिणीची पँट घेऊन येतो. ती माझ्याहून चांगली वीतभर उंच, तिचं पॅड गुडघ्याच्या वर मांडीवर चढतं. माझ्या पँटचं घासलेलं कापडही बघून घ्या. त्यावर ठिगळ चालेल की पँटच बदलायची, हे तुम्ही म्हणाल तसं. दोघी गाड्या घेऊनच येतो, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या, म्हणजे रस्त्यावर गर्दी व्हायच्या आत मापं होतील.

तुमची,
हिमालयनवाली पोरगी
नागपूर