उपसा केव्हा थांबवायचा, ते आधी ठरवा

महोदय,

भूकंपप्रवण भागात नैसर्गिक वायूच्या विहिरी घ्याव्यात की नाही, हा विषय निघाला की मोठा भूकंप झाला तर विहीर टिकेल का, एवढेच विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पण विहिरीत केसिंग, म्हणजे एकात एक पोलादी पाइप, बसवणे आणि त्यांच्याभोवती सिमेंट भरणे, या कामात माझी सगळी नोकरी झाली, आणि मला दुसराच प्रश्न जास्त सतावतो. वायू काढल्यामुळेच जमीन हलायला लागली, तर उपसा थांबवायचा कोणी आणि केव्हा?

नेदरलँड्समधला ग्रोनिंगेन हा भाग मुळात भूकंपाचा नव्हे. तिथे १९५९ मध्ये प्रचंड वायूसाठा सापडला आणि १९६३ पासून उपसा सुरू झाला. सुमारे तीन किलोमीटर खोल वालुकाश्मात हा वायू जवळपास ३५० बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे ३५० पट, दाबाखाली होता. वरच्या खडकांचा भार पेलण्यात या दाबाचाही वाटा असतो. वायू निघत गेला तसा दाब उतरला, वालुकाश्म चेपत गेला. भ्रंशाच्या, म्हणजे खडक जिथे तुटून सरकलेला असतो त्या भेगेच्या, दोन्ही बाजूंचा खडक सारखाच चेपला जात नाही, त्यामुळे जुने, निपचित पडलेले भ्रंश सरकू लागले. १६ ऑगस्ट २०१२ रोजी हाउझिंगे गावाजवळ ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. आकडा किरकोळ वाटेल, पण केंद्र इतके उथळ, वर मऊ माती आणि त्यावर विटांची घरे. भिंतींना तडे गेल्याच्या तक्रारींचा पूर आला.

जानेवारी २०१३ मध्ये तिथल्या खाण नियामकाने उपसा लवकरात लवकर कमी करा, असे स्पष्ट बजावले. तरी त्याच वर्षी उपसा आदल्या वर्षापेक्षा वाढून सुमारे ५४ अब्ज घनमीटरवर गेला! सरकारच्या तिजोरीत या वायूचा पैसा येत होता. उपसा थांबायला ऑक्टोबर २०२३ उजाडला. मला यातला भूकंप तितका अस्वस्थ करत नाही, जितकी ही मधली वर्षे करतात.

इंग्लंडमध्ये निदान आकडा तरी आधी ठरलेला होता. फ्रॅकिंग, म्हणजे वायू मोकळा करण्यासाठी प्रचंड दाबाने पाणी सोडून खडक फोडणे, चालू असताना ०.५ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला की काम थांबवायचे. ही मर्यादा फार कडक आहे, अशी कंपन्यांची ओरड होती. पण ऑगस्ट २०१९ मध्ये लँकेशायरमध्ये २.९ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा पंप बंदच होते. जमिनीत शिरलेला दाब बटण दाबले म्हणून ओसरत नाही, म्हणूनच मर्यादा कमी ठेवावी लागते. त्या नोव्हेंबरात तिथे फ्रॅकिंगवर स्थगिती आली.

आता विहिरीबद्दल. पोलादी पाइप आणि खडक यांच्यामधले सिमेंटचे कडे अनेकदा जेमतेम बोटभर जाडीचे असते. धक्क्याने त्याला चीर गेली तर वर काहीच दिसत नाही, फक्त दोन केसिंगमधल्या पोकळीचा दाबमापक चढतो. व्हॉल्व्ह उघडून दाब सोडला की सुई खाली येते. बंद केल्यावर ती पुन्हा चढू लागली, तर खाली कुठेतरी वायूला वाट मिळाली आहे, असे समजायचे. ही तपासणी साधी आहे, तिला महागडे यंत्र लागत नाही. जाणवण्याजोग्या प्रत्येक धक्क्यानंतर प्रत्येक विहिरीवर ती व्हावी आणि नोंदी लोकांसमोर याव्यात. आजवर अशा नोंदी मी कंपनीच्या कपाटातच गेलेल्या पाहिल्या आहेत.

म्हणून परवान्यातच लिहिलेले असावे: पहिल्या विहिरीच्या किमान वर्षभर आधी भूकंपमापक बसवायचे, म्हणजे मूळचे धक्के कोणते आणि नंतरचे कोणते हे कळेल. किती तीव्रतेला उपसा कमी करायचा आणि किती तीव्रतेला बंद, हे आकडे त्यात हवेत. ते अमलात आणण्याचा अधिकार वायूच्या उत्पन्नाशी संबंध नसलेल्या यंत्रणेकडेच हवा.

घराला तडा गेला तर तो वायूमुळेच गेला, हे सिद्ध करण्याचे ओझे घरमालकावर टाकू नये. ग्रोनिंगेनमध्ये २०१६ अखेर कायद्याने ते उलटवले. तोवर कित्येकांची वर्षे तज्ज्ञांच्या अहवालांशी भांडण्यात गेली. शिवाय तिथे उपसा बंद झाल्यावरही धक्के बसतच आहेत, कारण खालचा दाब समान व्हायला वर्षे लागतात. तेव्हा भरपाईची रक्कम परवाना देतानाच जमा करून घ्यावी. विहिरी बंद करून कंपनी निघून गेल्यावर ती वसूल कोणाकडून करणार?

– एक निवृत्त विहीर अभियंता