उंदरांच्या बिळांचा दंड

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. शीआनचे मातीचे सैनिक बघून आल्यापासून तुझ्या डोक्यात छिन राज्याचा राजा आणि चीनचा पहिला सम्राट छिन शिहुआंग चांगलाच बसलेला दिसतो. माणूस होताच तसा. इ.स.पू. 221पर्यंत सहा राज्यं गिळली, मग लिपी, वजनमापं, नाणी, अगदी गाडीच्या दोन चाकांमधलं अंतरसुद्धा एकसारखं करून टाकलं. पण हे तुला गाइडने सांगितलं असेलच. मला मात्र त्याच्या राज्यातला एक साधा कारकून जास्त जवळचा वाटतो. (आयुष्य फायलींत घालवलेल्या माणसाला दुसरं कोण जवळचं वाटणार, म्हण!)

त्याचं नाव शी. 1975 साली हूपै प्रांतात युनमेंगजवळ श्वेहूदी इथे काही थडगी सापडली. त्यातल्या 11 क्रमांकाच्या थडग्यात हा निजलेला, आणि त्याच्या अंगाभोवती बांबूच्या अकराशेहून जास्त पट्ट्या. कागद अजून यायचा होता. बोटापेक्षा अरुंद अशा पट्टीवर कुंचल्याने शाईत लिहायचं, चुकलं की सुरीने खरवडायचं आणि पट्ट्या दोरीने ओवून गुंडाळी करायची. खुद्द सम्राट रोज ठरावीक वजनाचे, म्हणजे जवळजवळ 30 किलो कागदपत्र हातावेगळे केल्याशिवाय विसावा घेत नसे, अशी नोंद आहे. कागदपत्र कसले, बांबूच!

शीच्या पट्ट्यांवर बहुतेक कायदेच आहेत, आणि ते वाचताना मजाही येते, धडकीही भरते. सरकारी कोठारात उंदरांची तीन किंवा जास्त बिळं सापडली तर एका ढालीच्या किमतीचा दंड. दोन किंवा कमी असली तर नुसती कानउघाडणी. आता बीळ छोट्या उंदराचं असलं तर? त्याचाही हिशोब आहे : छोटी तीन म्हणजे मोठं एक. ही बिळं कोण मोजत असेल रे? नांगराच्या बैलाचा घेर कमी झाला, तर प्रत्येक इंचामागे सांभाळणाऱ्याला दहा फटके. (त्यांचा इंच आपल्यापेक्षा थोडा लहान.) उलट, सरकारातून नेलेलं लोखंडी अवजार झिजून मोडलं, तर लेखी कळवायचं, भरपाई नाही. पाऊस पडला की किती जमिनीला लाभला, तेही लेखी कळवायचं. याच कायद्यांत नाक कापणं आणि जन्मभराची वेठबिगारीही आहे, तेव्हा 'काय शिस्तीचं राज्य होतं!' असं मी तरी म्हणणार नाही.

याच शीने एक सनावळीही ठेवली होती. राज्याच्या लढायांच्या ओळीत मध्येच स्वतःचा जन्म (इ.स.पू. 262), नोकरीतली बढती, मुलांचे जन्म.

पण खरी गंमत तिथल्याच 4 क्रमांकाच्या थडग्यात. तिथे लाकडी फळ्यांवरची दोन पत्रं निघाली. हैफू आणि चिंग हे दोघे भाऊ छिनच्या फौजेत, छू राज्याविरुद्धच्या मोहिमेवर होते, आणि तिथून त्यांनी घरी, चोंग नावाच्या भावाला लिहिलं. साल बहुधा इ.स.पू. 223. हैफू कळवतो : आईला म्हणावं, आपल्याकडे कापड स्वस्त असेल तर उन्हाळ्याचे कपडे शिवून पैशांबरोबर धाड, महाग असेल तर नुसते पैसे धाड, मी इथेच कापड घेईन. आत्या, बहीण, शेजारीपाजारी, सगळ्यांची चौकशी. लढाईबद्दल एवढंच, की वेढा लांबलाय, जखमी होईन की नाही सांगता येत नाही. चिंग धाकटा असावा, कारण तोच जास्त घायकुतीला आलाय. 500-600 नाणी आणि चांगलं कापड मागतो, कुणाकडून तरी पैसे उसने घेतलेत म्हणतो, घरून आले नाहीत तर मेलोच, आणि शेवटी 'तातडीचं, तातडीचं, तातडीचं'. मध्येच नव्या नवरीलाही बजावतो, की वडीलधाऱ्यांची नीट काळजी घे.

मंदार, तू बघितलेल्या हजारो सैनिकांच्या चेहऱ्यांवरून एवढं कळलं का तुला? मोहीम जिंकली म्हणून सम्राटाचं नाव झालं, पण ती लढणाऱ्या पोराच्या अंगावरच्या कपड्याचा खर्च त्याच्या आईच्या डोक्यावर होता.

पुढच्या खेपेला वूहानला उतर. हूपैचं प्रांतीय संग्रहालय तिथेच आहे आणि श्वेहूदीचा हा ठेवा त्यांच्याकडे आहे. जायचं ठरलं तर आधी कळव, मीही रजा टाकतो.

काकूंना नमस्कार, छोटीला अनेक आशीर्वाद.

तुझा,
अविनाश