ऑक्सिमीटरवरचे ९८ फसवे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घराला आग लागली की आपल्याकडे आधी भाजले किती, ते पाहतात. अंगावर फोड नाही, ऑक्सिमीटर ९८ दाखवतो. मग त्या माणसाला पाणी पाजून ओट्यावर बसवून ठेवतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला या दोहोंतला फरक कळत नाही. खरा आकडा को-ऑक्सिमीटरवर (हे दोन्ही वेगवेगळे मोजणारे यंत्र) रक्त तपासले तरच मिळतो. पण डोके ठणकतेय, मळमळतेय, माणूस बरळतोय, तर त्याचीही वाट पाहू नये.

ऑक्सिजन लगेच हवा : पिशवीवाला नॉन-रिब्रीदर मास्क, मिनिटाला १५ लिटर. पिशवी आधी फुगवून मगच मास्क बांधायचा. श्वास घेताना ती पार चपटी झाली, तर प्रवाह अपुरा आहे. नाकातल्या नळीचे २-४ लिटर इथे पुरत नाहीत. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. (९८ दिसले म्हणून मास्क काढणारेही असतातच.)

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांचे जिने लाकडीच राहिले, आत मात्र फोमच्या गाद्या आणि सोफे आले. फोमच्या धुरात हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू असतो. तोंडात काजळी, शुद्ध हरपलेली, रक्तदाब घसरलेला, रक्तातले लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन वापरता येत नसल्याची खूण) ८-१० मिलिमोलच्या वर, एवढे जुळले की सायनाइड धरूनच चालावे. उतारा हायड्रॉक्सोकोबालामिन (बी-१२ चेच एक रूप) : प्रौढाला ५ ग्रॅम शिरेतून १५ मिनिटांत, मुलांना किलोमागे ७० मिलिग्रॅम. रक्ताचे नमुने त्याआधी घ्यावेत. नंतर रक्त-लघवी लाल होऊन रंगावर चालणाऱ्या तपासण्या चुकतात. नेहमीच्या बी-१२ इंजेक्शनने भागत नाही, त्यात औषध जेमतेम मिलिग्रॅमभर. हे नसेल तर सोडियम थायोसल्फेट १२.५ ग्रॅम, सावकाश. सोडियम नायट्राइट (सायनाइडवरचा आणखी एक उतारा) मात्र टाळावे; आधीच उपाशी रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद ते आणखी घटवते.

आवाज घोगरा झाला किंवा श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला, तर श्वासनलिकेत नळी तेव्हाच घालावी. घशाची सूज तासागणिक वाढते. मग नळी आत जात नाही.

आणि १०८ ला फोन करताना ‘भाजलाय’ एवढेच सांगू नका. धुरात होता, बंद खोलीत होता, किती मिनिटे होता, हे सांगा.

– एक भूलतज्ज्ञ, बडोदे