आमच्या जीपचे दोन इंच: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री साहेब,
स.न.वि.वि.

तुम्हाला मराठी येतं म्हणून थेट मराठीतच लिहायलोय, नाहीतर वकिलाकडून इंग्रजीत लिहून घ्यायचे पैसे गेले असते आणि ते पैसे मला जीपच्या पाट्याला, म्हणजे चाकावरच्या लोखंडी स्प्रिंगला, लागणारेत. मी केज तालुक्यातला शेतकरी. वडिलांनी घेतलेली १९९४ ची महिंद्रा एमएम ५४० आहे माझ्याकडं, प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, फोर व्हील, वर ताडपत्रीचं हूड. नंबर एमएच २३. गावात तिला अजून 'दादाची जीप' म्हणतात, दादा जाऊन बरीच वर्षं झाली तरी.

आता ह्या जीपमध्ये मी काय काय बदल केलेत ते सगळं कबूल करतो आणि का केलेत तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं पोरं रील बनवायला जीपा उंच करतात. करतात, नाही असं नाही. पण आमचं प्रकरण मातीचं आहे साहेब.

आमची काळी माती उन्हाळ्यात अशी उलते की भेगेत हात जातो, आणि दोन पाऊस झाले की तीच माती फुगून मळलेल्या पिठासारखी चिकटते. पाणंदीत गाडी घातली की पहिल्या पन्नास फुटात टायरची नक्षी भरते, पुढच्या शंभर फुटात मडगार्डच्या आत माती दाबून दाबून बसायला लागते, आणि मग एक वेळ अशी येते की इंजिन चालू, गिअर लो मध्ये, फोर व्हील टाकलेलं, आणि चाकच फिरत नाही. फसलेलं नसतं बरं का, चाक आणि मडगार्डच्या मधे मातीची पाचर बसलेली असते. मग खाली उतरायचं, सीटखालचं खुरपं काढायचं आणि चारी चाकं खरडायची. मी एका पावसाळ्यात एका दिवशी सात वेळा खरडलीत, पाठ मोजत होती.

यूट्यूब बघून पहिल्यांदा मीही रुंद टायर टाकले होते. दिसायला लई भारी, कामाला शून्य. रुंद टायर वाळूत वर तरंगतो ते बरोबर आहे, पण आमच्या चिखलात तो साबणावर ठेवल्यासारखा आडवा जातो. सहा-सोळाचा कंपनीच्याच मापाचा अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट थराला लागतो. म्हणून ते रुंद विकून टाकले आणि परत कंपनीचंच माप घातलं, फक्त खोल नक्षीचं. शहाणपण आलं पण बारा-चौदा हजार घालवून आलं.

मग उरला उपाय एकच, चाक आणि मडगार्डमधली जागा वाढवायची. त्याला गावठी तोड म्हणजे लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या) लावायचे, दोन तासाचं काम, हजार रुपयात होतं, आणि तेच सगळ्यात घाण. शॅकलनं गाडी उचलली की एक्सल फिरतो, कॅस्टर म्हणजे पुढच्या चाकाचा कलता कोन बिघडतो, मग पन्नासच्या स्पीडला एखादा खड्डा लागला की स्टेअरिंग हातात थरथरायला लागतं ते गाडी थांबेपर्यंत थांबत नाही. आमच्या मिस्त्रींनी शॅकलला हात लावू दिला नाही. त्यांनी चारी पाटे उतरवले, भट्टीत घालून कमान वाढवली, दोनच इंच, एक इंचही जास्त नाही, मग एक्सल आणि पाट्याच्या मधे लोखंडी पाचर देऊन कोन परत जागेवर आणला, ब्रेकचे होज लांब टाकले म्हणजे चाक खाली लोंबलं तरी ताण येणार नाही, आणि चाकांकडं ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस बदलून टाकले कारण शाफ्टचा कोन वाढला की पहिला मार क्रॉसला बसतो. ट्रायल घेताना ते शेजारी बसून डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होते.

ह्याशिवाय पुढच्या चाकांना ड्रम काढून डिस्क ब्रेक केले, समोर चॅनलचा बंपर करून त्यात विंच, म्हणजे फसलेली गाडी दोरानं ओढून काढायचं यंत्र, बसवली, आणि पुढच्या दोन सीटला तीन पॉइंटचे बेल्ट. झालं. एवढाच माझा गुन्हा.

गुन्हा म्हणतोय कारण गेल्या ऑगस्टमध्ये बायपासला अडवलं तेव्हा तपासणीवरच्या साहेबांनी जीपभोवती एक चक्कर मारली आणि बोटांवर मोजायला लागले, उंची एक, बंपर दोन, विंच तीन. मी म्हणलं साहेब ब्रेक पण मोजा, ड्रमचे डिस्क केलेत. ते म्हणले ते चालतंय. मी म्हणलं लेखी द्या. हसले. शेवटी एकाच बदलाची पावती मशीनमधून काढली आणि जा म्हणले. त्यांचा राग नाही मला, माणूस बरा होता. पण काय चालतं आणि काय चालत नाही हे त्यालाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, आणि नंतर एका ऑफिसात तीन खिडक्या फिरलो तर तिथं तीन उत्तरं मिळाली.

मग मी स्वतः वाचत बसलो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीतली माहिती कंपनीनं मुळात दिलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकानं करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच उचलून धरलं. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला आणि कलम १८२ अ आलं, दर बदलाला ५,००० रुपये दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन्ही. दर बदलाला, साहेब. म्हणजे एखाद्यानं बेल्ट, ब्रेक, पाटे सगळं नीट जबाबदारीनं केलं तर त्याचे बदल जास्त मोजले जाणार, आणि हजार रुपयाचे शॅकल ठोकून थरथरती गाडी हायवेला पळवणाऱ्याचा बदल एकच.

आणि गंमत पुढं आहे. २०२५ च्या सप्टेंबरात पाऊस कसा झाला ते तुम्हाला सांगायला नको, मांजरा, सिंदफणा, सीना सगळ्या पात्र सोडून शिवारात आल्या. आमच्याकडं सोयाबीन जागेवर कुजलं, पाणंदी वाहून गेल्या, एक फरशी पूल तर कुठं होता ते सुद्धा कळंना. पाणी ओसरल्यावर पंचनामे करायचे तर जायचं कसं? मोटारसायकल जाईना, सरकारी गाडी डांबरावरच थांबलेली. मग फोन आला मला. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक, तिघं माझ्या बेकायदेशीर जीपमध्ये बसून पाच दिवस वस्त्या-वस्त्या फिरले, ओढ्यात एकदा विंच लिंबाला बांधून वर आलो, तलाठी साहेबांनी त्याचा व्हिडिओ पण काढला. दंडाची पावती तेव्हा डॅशबोर्डच्या खणातच होती. दाखवावी वाटली, पण त्यांच्या हातातल्या याद्या भिजायला लागल्या होत्या म्हणून राहू दिली.

आता ह्याच्यावर कुणी म्हणेल सगळं मोकळं सोडा. मी नाही म्हणणार. २०१७ च्या डिसेंबरात तुमच्या मंत्रालयानं राज्यांना पत्र लिहून बुलबार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितली ते बरोबरच होतं, गावातल्या रस्त्यावर पोराला लोखंडी बार लागला तर काय होतं ते मी बघितलंय. गाडीच्या कपाळावर एलईडीची पट्टी लावून समोरच्याला आंधळं करणाऱ्यांना दुप्पट दंड लावा, मी पेढे वाटीन. माझा बंपरसुद्धा पास होत नसेल तर सांगा, विंच मागं बसवतो. माझं म्हणणं एवढंच की सांगा. तपासा आणि सांगा. जर्मनीत ट्यूफ ह्या तपासणी संस्थेचे लोक बदल केलेली गाडी तपासतात आणि पास झाली की तिच्या कागदावर तशी नोंद होते, ऑस्ट्रेलियात मोठ्या बदलाला इंजिनिअरचं सर्टिफिकेट लागतं. आपल्याकडं आता स्वयंचलित तपासणी केंद्रं होतायत, ब्रेक मशीनवर चढवून मोजतात. माझी जीप तिथं चढवा. दोन इंच उंचीनं ती कलंडते का बघा, ब्रेक किती जोराचा लागतोय बघा, आणि पास झाली तर आरसीवर एक ओळ लिहा. त्याची फी घ्या, मी देतो. फी तर आत्तासुद्धा देतोच की, नोंदणी पाच वर्षं वाढवायला आधी ६०० लागायचे, २०२२ पासून ५,००० झाले, मी २०२४ ला भरले, पर्यावरण कर वेगळा, आणि २० वर्षांवरच्या गाडीला आता १०,००० केलेत, म्हणजे २०२९ ला ते पण भरीन.

कुणीतरी सुचवलं व्हिंटेजमध्ये टाका. ते नियम पण वाचले, २०२१ चे. गाडी ५० वर्षांवरची पाहिजे, मूळ रूपात पाहिजे, आणि रोज रस्त्यावर काढायची नाही, प्रदर्शन, रॅली, डिझेल भरायला नाहीतर दुरुस्तीला नेण्यापुरतीच. माझी जीप ५० ची होईल २०४४ ला. तोवर मी सत्तरीत असणार आणि ओढ्याला बहुतेक तेव्हाही पूल नसणार, मग ती प्रदर्शनात ठेवून मी खताची पोती डोक्यावर न्यायची का?

सध्या मागच्या एका पाट्याचं मुख्य पान तडकलंय म्हणून मागचे दोन्ही पाटे भट्टीवाल्याकडं पडलेत आणि जीप गोठ्यापुढं जॅकवर उभी आहे. काल भट्टीवाल्याचा फोन आला होता, कमान कंपनीची देऊ का दोन इंच वाढवून देऊ म्हणून. त्याला आठ दिवस थांब म्हणलंय.

आपला,
एक जीपवाला शेतकरी
ता. केज, जि. बीड